कावळ्यांची पाळी

नवरात्राआधी तुळजापुरात देवी मंचकी निद्रेला जाते आणि घटस्थापनेला सिंहासनावर परत येते. त्या दिवसापासून धाराशिव जिल्ह्यात घरोघर उपवास सुरू होतात. कुणी नऊही दिवस धरतं, कुणी उठता-बसता. उपवासाचं एक ठरलेलं समर्थन असतं, की पोटाला तेवढीच विश्रांती. देवीच्या निद्रेत शरीरशास्त्राने नाक खुपसू नये, पण आतड्यांच्या निद्रेबद्दल त्याला बोलता येतं, आणि ते सांगतं की अशी निद्रा नसते. जठराच्या सगळ्यात जोरकस हालचाली पोट रिकामं असतानाच होतात. उलट जेवण झाल्यावर जठराला आवर घातला जातो, आणि तो घालणारी बरीचशी संप्रेरकं जठराखालच्या आतड्यातून सुटतात.

शरीरशास्त्रज्ञ जोसेफ शुर्शेव्स्की यांनी 1969 मध्ये उपाशी कुत्र्यांच्या आतड्यात एक लाट वरून खाली सरकताना टिपली. माणसातही तीच आढळली. साधारण दीड ते दोन तासांचं चक्र असतं. आधी बराच वेळ सामसूम, मग तुरळक चाळवाचाळव आणि शेवटी पाच-दहा मिनिटं जठर मिनिटाला तीनच्या लयीने पिळवटून निघतं. उरलेला चोथा, न पचलेले कण, जंतू असं सगळं या झाडूखाली पुढे ढकललं जातं. लाट जठरापासून निघणार असली, की त्याआधी रक्तात मोटिलिन वाढतं. हे 22 अमिनो आम्लांचं संप्रेरक लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी सोडतात. ते शिरेतून दिलं तर माणसाच्या जठरात तशीच लाट उठते. पोटात कावळे ओरडतात म्हणतात ते बहुतेक याच वेळी. ही भुकेची तक्रार असते तशी झाडलोटीची वर्दीही असते.

जेवणाचा घास पोटात गेला, की झाडू कोपऱ्यात जातो. कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा घ्या. त्यातली चरबी लहान आतड्याच्या तोंडाशी पोचली, की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं. पित्ताशय आवळलं जातं, जठराचा वरचा भाग सैलावतो आणि खालचं दार घट्ट होतं. वरून किती येऊ द्यायचं ते खालचा ठरवतो, सुगीत खळ्यावरचा माणूस गाडीवाल्याला हात करून थांबवतो तसं. अन्न आणखी खाली, लहान आतड्याच्या शेवटाकडे पोचलं तर तिथून जीएलपी-1 आणि पीवायवाय ही संप्रेरकं सुटतात आणि ब्रेक आणखी दाबला जातो. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत दम धरते, या अनुभवाचं एक कारण इथे असू शकतं. आफ्रिकेतल्या माली देशात झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्वारी-बाजरीचे घट्ट पदार्थ जठरातून निम्मे रिकामे व्हायला भाताच्या जवळपास दुप्पट वेळ लागला. मालीतली ज्वारीची घट्ट उकड म्हणजे आपली भाकरी नव्हे, तेव्हा हा पुरावा शेजारघरचा समजावा. पण दिशा ओळखीची आहे.

यावर जुना आक्षेप असा, की आतडी मज्जातंतूंवर चालतात, रसायनांचं एवढं कौतुक कशाला? रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचं मत साधारण हेच होतं. 1902 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याचे तंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस वाहिला. निरोप रक्तातून गेला होता. तो नेणारं रसायन म्हणजे सीक्रेटिन, आणि हॉर्मोन हा शब्द 1905 मध्ये स्टार्लिंग यांनीच रूढ केला. तरी या विजयाची पताका फार उंच धरू नये, कारण कोलेसिस्टोकायनिनचा बराचसा निरोप व्हेगस तंतूमार्फतच जातो. संप्रेरक आणि तंतू यांची भाऊबंदकी नाही, भागीदारी आहे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार: प्रयोगातल्या मोठ्या मात्रेने काहीही होतं, रोजच्या जेवणाचं काय? त्याला उत्तर असं, की कोलेसिस्टोकायनिनची वाट अडवणारं औषध माणसांना दिलं तर जेवण जठरातून लवकर निसटतं. म्हणजे रोजच्या पंगतीतही ब्रेक लागत असतो. उंदरांवरून मात्र मोटिलिन कळत नाही, कारण उंदीर-घुशींच्या वंशात ते टिकलंच नाही. जपानी संशोधकांना त्यासाठी चिचुंद्री उपयोगी पडली. आपल्या कणगीखाली फिरणाऱ्या या प्राण्यात मोटिलिन आहे आणि माणसासारखी लाटही.

मग उपवासाचं काय? दर दोन तासांनी शेंगदाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, मध्ये भगर, वर राजगिऱ्याचा लाडू असा उपवास असेल तर कावळ्यांची पाळी येतच नाही. प्रत्येक खाण्यासरशी चक्र मोडतं. आणि निरंकार उपवासाने विष बाहेर पडतं हा दावाही मानायचं कारण नाही; ही झाडलोट रात्री जेवून निजणाऱ्याच्या पोटातही पहाटेपर्यंत होऊन जाते.

हाच ब्रेक आता सुईतून मिळतो. जीएलपी-1 ची नक्कल करणारी औषधं भूक मारतात आणि, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, जठर रेंगाळवतात. त्यांतलं टिर्झेपॅटाइड मार्च 2025 मध्ये भारतात आलं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने शस्त्रक्रियेआधी आठवड्याचं इंजेक्शन आठवडाभर थांबवावं असं सुचवलं. पुढच्या वर्षी ती अट बरीच सैल झाली. भीती साधी होती: रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेतलेला रुग्ण टेबलावर आडवा, आणि त्याच्या जठरात कालचं जेवण तसंच.