जुनी जपानी मालमोटार : ओळख आणि दुरुस्ती

गुलबर्ग्याच्या बाजार आवारात तुरीच्या हंगामात उभ्या असलेल्या वाहनांकडे पाहिले, तर त्यांत तीन जाती सहज वेगळ्या काढता येतात. दहा-बारा चाकांच्या अवजड मालमोटारी दूरच्या व्यापाऱ्यांचा माल नेण्यासाठी आलेल्या असतात. तीनचाकी रिक्षा व लहान टेंपो जवळपासच्या खेड्यांतून पोती आणीत असतात. या दोहोंच्या मध्ये चपट्या तोंडाच्या, तीन-चार टन माल वाहणाऱ्या छोट्या मालमोटारी असतात. या मधल्या जातीला हैदराबादपासून बीदर-गुलबर्ग्यापर्यंत पुष्कळ लोक सरसकट ‘डीसीएम’ म्हणतात. आळंदचा शेतकरी, हुमनाबादचा अडत्या, भालकीचा भाडेवाला, सर्वांच्या तोंडी हा शब्द आहे. परंतु या शब्दाने गाडीची जात कळते. गाडी कोणती, हे मात्र कळत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याचे नुकसान होते ते बहुधा एवढ्याच कारणाने.

‘डीसीएम’ ही अक्षरे मुळात एका कापड गिरणीची आहेत. १८८९ साली दिल्लीत निघालेल्या दिल्ली क्लॉथ मिल्सच्या उद्योगसमूहाने १९८० च्या दशकात जपानच्या टोयोटा कंपनीशी भागीदारी केली आणि उत्तर प्रदेशात सूरजपूर येथील कारखान्यात ‘डायना’ नावाची छोटी मालमोटार काढली. त्याच सुमारास पंजाबात स्वराज-माझ्दा, मध्य प्रदेशात पीथमपूर येथे आयशर-मित्सुबिशी आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशात झहीराबाद येथे ऑल्विन-निसान असे आणखी तीन कारखाने उभे राहिले. झहीराबाद बीदरपासून अवघ्या तीसेक किलोमीटरवर आहे. तेव्हा जपानी मालमोटार ही या सीमाभागाला समुद्रापलीकडून आलेली नवलाई नव्हती. चार कारखान्यांपैकी एक तर शेजारच्याच गावी होता.

पुढे या चौघांचीही नावे पालटली. दिल्लीचा टोयोटा कारखाना १९९० च्या दशकाच्या मध्यास दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीकडे गेला आणि तेथून प्रवासी मोटारी निघू लागल्या. ऑल्विन-निसान महिंद्र समूहाकडे गेली. स्वराज-माझ्दाचे नाव २०११ साली एसएमएल इसुझु झाले. आयशरने २००८ साली व्होल्व्होशी नवी भागीदारी केली. कारखाना गेला तरी गाडी राहते, आणि गाडी गेली तरी नाव राहते. ज्या डायना गाडीवरून ‘डीसीएम’ हा शब्द रूढ झाला, ती निघणे बंद होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला. तरी आज रस्त्यावरची कोणतीही मध्यम मालमोटार त्याच नावाने विकली जाते.

जुन्या गाडीची शिफारस करताना विक्रेता कधी कधी ‘ही इंपोर्टेड जपानी आहे’ असे सांगतो. हे वाक्य ऐकताच ग्राहकाने सावध व्हावे. जपानात ६६० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या, ३.४ मीटरपर्यंत लांबीच्या छोट्या मालगाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. अशा वापरलेल्या गाड्या जगातील अनेक देशांत जातात. भारताचे नियम मात्र वापरलेल्या वाहनाच्या आयातीस फारसा वाव देत नाहीत. वाहन तीन वर्षांहून जुने नसावे, सुकाणू उजव्या बाजूस असावे आणि ते मुंबई बंदरातूनच यावे, अशा अटी त्यांत आहेत. शिवाय जकातीचा भार मोठा. त्यामुळे गुलबर्ग्यात ‘इंपोर्टेड’ म्हणून दाखविली जाणारी जुनी मालमोटार ही जवळजवळ नेहमीच जपानी आराखड्यावर भारतात बांधलेली असते. सीमाशुल्काचे कागद दाखविता येत नसतील, तर त्या शब्दापोटी एक रुपयाही अधिक देऊ नये.

तरीही त्या शब्दात सत्याचा एक अंश आहे, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. आरंभीच्या गाड्यांत पुष्कळसे भाग जपानहून येत आणि येथे त्यांची जोडणी होई. सप्टेंबर १९८५ मध्ये एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत. १९८८ साली ते सुमारे १३० वर आले. येन इतका महागल्यावर जपानी भाग आणणे परवडेना. सरकारचाही देशी भाग वाढविण्याचा आग्रह होताच. त्यामुळे एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक जपानी भाग कमी होत गेले आणि देशी भाग वाढत गेले. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन जुन्या गाड्यांचे भाग एकमेकींना बसतीलच असे नाही. गाडीचे नाव सांगून आणलेला भाग बसला नाही, तर दोष दुकानदाराचा नसतो. ओळख अपुरी असते.

गाडीची खरी ओळख तीन ठिकाणी कोरलेली असते : सांगाड्याच्या पट्टीवरील चॅसीस क्रमांक, इंजिनाच्या ठोकळ्यावरील इंजिन क्रमांक आणि चालकाच्या खोलीत किंवा दाराजवळ बसविलेली कारखान्याची पत्र्याची पाटी. हे तिन्ही क्रमांक नोंदणीपत्राशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. चॅसीस क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली म्हणजे त्याचा ठसा उठतो. परिवहन कार्यालयात हाच ठसा मागतात. ठशातील अक्षरे वेडीवाकडी असतील, आसपास घासल्याच्या खुणा असतील किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग असेल, तर तो सौदा तेथेच सोडावा. अलीकडच्या गाड्यांचा चॅसीस क्रमांक सतरा अक्षरांचा असतो. भारतात बनलेल्या गाडीच्या क्रमांकाचे पहिले अक्षर ‘एम’ असते, जपानात बनलेल्या गाडीच्या क्रमांकाचे ‘जे’. जपानच्या देशी बाजारातील गाडीवर असा सतरा अक्षरी क्रमांक नसून नमुन्याची काही अक्षरे, मध्ये एक आडवी रेघ आणि पुढे अनुक्रमांक असतो. ‘इंपोर्टेड’ या दाव्याची परीक्षा एवढ्यावरच होते.

सीमाभागात या तपासाला आणखी एक पदर आहे. केए ३२ म्हणजे कलबुर्गी (गुलबर्ग्याचे २०१४ पासूनचे सरकारी नाव), केए ३८ म्हणजे बीदर, केए ३९ म्हणजे भालकी. पण बाजारात एमएच १३ सोलापूरची, एमएच २४ लातूरची आणि तेलंगणाचीही गाडी सारख्याच सहजतेने उभी असते. परराज्यातील गाडी घेताना मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. हस्तांतरासाठी नमुने २९ व ३०, आणि गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५ लागतो. जुन्या गाडीत इंजिन बदललेले असणे नवलाचे नाही. मात्र तो बदल नोंदणीपत्रावर चढलेला असला पाहिजे. तो चढलेला नसेल, तर उत्तम चालणारी गाडीही कायद्याच्या दृष्टीने सदोष ठरते.

कागदांनंतर लोखंडाची साक्ष घ्यावी. मुंबई-हैदराबाद हमरस्त्यावरील मिस्त्रींच्या कित्येक पिढ्या टाटांच्या गाड्यांवर तयार झाल्या, आणि टाटांची मालमोटार १९५४ पासून जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने घडली. जर्मन पद्धतीत आठ, दहा व बारा मिलिमीटर जाडीच्या बोल्टांना अनुक्रमे १३, १७ व १९ क्रमांकाचा पाना लागतो. जपानी पद्धतीत त्याच बोल्टांना १२, १४ व १७ चा पाना बसतो. म्हणून जुन्या गाडीच्या इंजिनावर १२ व १४ चे पाने जागोजाग बसत असतील, तर ते भाग जपानी घडणीचे आहेत असे समजावे. मधेच कोठे १३ चा पाना लागला, तर तेथे कोणीतरी पूर्वी हात घातला आहे, किंवा तो भाग देशी आहे.

पान्यापेक्षाही आटे महत्त्वाचे. दहा मिलिमीटरच्या जपानी बोल्टाच्या दोन आट्यांत बहुधा १.२५ मिलिमीटरचे अंतर असते. जर्मन वळणाच्या सर्वसाधारण बोल्टात ते १.५ असते. दोन्ही बोल्ट दिसायला सारखे. चुकीचा बोल्ट बोटांनी एक-दोन वळसे आत जातो आणि मग अडतो. तो गंजामुळे अडला असे समजून मिस्त्री पान्याचा जोर लावतो आणि ॲल्युमिनियमच्या आवरणातील आटे कायमचे मरतात. दोन रुपयांच्या बोल्टापायी हजारो रुपयांचा भाग वाया जातो, तो असा. स्क्रूंचेही तसेच आहे. फुलीच्या खाचेजवळ बारीक ठिपका असेल, तर तो जपानी मापाचा स्क्रू होय. साधा पेचकस त्यात नीट बसत नाही आणि खाच झिजवून टाकतो.

ओळख पटल्यावर दुरुस्तीचा क्रम ठरवावा, आणि त्यात पहिला मान ब्रेकचा असावा. या वर्गातील बहुतेक जुन्या गाड्यांत ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात आणि पायाचा जोर वाढविण्यासाठी निर्वात पोकळीचे साहाय्य घेतात. पेट्रोल इंजिनाच्या हवानळीत अशी पोकळी आपोआप निर्माण होते. डिझेल इंजिनात ती होत नाही. म्हणून जपानी रचनाकारांनी अनेक नमुन्यांत वीजजनित्राच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या, पाठीमागेच एक छोटा निर्वात पंप जोडला. हे ज्याला ठाऊक नाही, तो जळालेल्या अल्टरनेटरच्या जागी पंपाविना असलेला स्वस्त अल्टरनेटर बसवितो. बॅटरी भरते, दिवे लागतात आणि दुरुस्ती झाली असे वाटते. पहिल्याच उतारावर ब्रेकचा पायटा दगडासारखा कठीण लागतो. अशी गाडी विकत घेताना इंजिन बंद करून पायटा चार-पाच वेळा दाबावा, मग तो दाबूनच धरून इंजिन चालू करावे. पायटा किंचित खाली गेला तर साहाय्य शाबूत आहे. जागचा हलला नाही तर पंप, त्याची नळी आणि पडदा तपासल्यावाचून गाडी रस्त्यावर काढू नये.

दुसरा मान थंडाव्याचा. गुलबर्ग्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि चुनखडीच्या या टापूतील पाणी जड असते. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये भरले, की नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसतो. इंजिन तापू लागले म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत सर्रास आहे. परंतु त्याने मूळ दोष जात नाही, उलट इंजिन योग्य तापमानाला न पोहोचल्याने डिझेल अधिक जळते. रेडिएटर साफ करून घ्यावा आणि शीतद्रव मिसळलेले शुद्ध पाणी भरावे. इंजिन चालू असता रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर डोक्याखालची गॅस्केट फुटली आहे असे मानावे. मात्र रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण गार असतानाच उघडावे.

इंजिनाची प्रकृती त्याच्या धुरावरून ओळखता येते. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन पाहू नये. सकाळी गार असताना ते सुरू करावयास लावावे. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा इंधन जास्त. हवागाळणी, पंप व नोझल पाहावेत. निळसर असेल तर वंगणतेल जळत आहे. पांढरा धूर टिकून राहिला तर इंधन पुरते जळत नाही, किंवा पाणी आत शिरते आहे. डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. म्हणून दाब मोजल्याशिवाय इंजिन उघडण्याचा निर्णय करू नये. सुटे भाग आणताना गाडीचे नाव न सांगता इंजिनाचा क्रमांक सांगावा आणि जुना भाग बरोबर न्यावा.

शेवटी सांगाडा व पाटे. येथे या जिल्ह्याचा दगडच खरा परीक्षक आहे. हौदा १४ फूट लांब व ६ फूट रुंद धरला, तर साडेतीन टन तुरीने तो सुमारे दोन फूट भरतो. साडेतीन टन शहाबादी फरशीचा थर मात्र जेमतेम साडेसहा इंचांचा होतो. हौदा रिकामा दिसतो, आणि आणखी एक थर चढविण्याचा मोह होतो. ज्या गाडीने फरशी वाहिली आहे, तिचे पाटे सपाट झालेले, मुख्य पाटा बदललेला आणि पाटे जेथे टांगतात तेथे सांगाड्याला तडे किंवा जोडाच्या खुणा असण्याचा संभव असतो. सांगाड्याचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. त्यांत फरक आढळला तर सांगाडा मुरडला आहे. पाटे बदलता येतात, इंजिन बांधता येते. मुरडलेला व ठिकठिकाणी जोडलेला सांगाडा मात्र स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

बाजारात हा क्रम पुष्कळदा उलटा दिसतो. आधी रंग, मग नवी फुली-फुलांची नक्षी, मग गादीचे कापड, आणि पैसे उरले तर ब्रेक. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. तपासणीच्या दिवशी रंग उपयोगी पडत नाही. जुनी मालमोटार घेणारा हा सहसा धनिक नसतो. घरातले दागिने, एखादे कर्ज आणि एका हंगामाची तूर मिळून त्याचे भांडवल उभे राहिलेले असते. त्याने सौद्याच्या आधी अर्धा दिवस खर्चून तीन क्रमांक, दोन पाने आणि एक ब्रेक एवढे जरी पाहिले, तरी ते भांडवल पुष्कळ अंशी सुरक्षित राहील. ‘डीसीएम’ या तीन अक्षरांवर मात्र त्याने विसंबू नये.