कोण राहिलं, कोण गेलं : बिग ईस्टचा नवा हंगाम

गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सगळे शवप्रदर्शनासाठी जुन्या गोव्याला गेलो होतो. बेळगावहून पहाटे निघालो, चोर्ला घाटात आजीला गाडी लागली, आणि से कॅथेड्रलबाहेरच्या रांगेत दोन तास उभं राहावं लागलं. माझ्यापुढे एक मुलगा होता. त्याच्या निळ्या टी-शर्टवर पाठीमागे मोठ्या अक्षरांत ‘झेवियर’ आणि खाली बास्केटबॉलचं चित्र. मला वाटलं, काय ही भक्ती! मग वाटलं, मुंबईच्या झेवियर्सचा असेल. विचारलं तर म्हणाला, अमेरिकेत सिनसिनाटीला शिकतो, हा आमच्या युनिव्हर्सिटीचा संघ.

परत येताना गाडीत फोनवर शोधत बसले. सिनसिनाटीची झेवियर युनिव्हर्सिटी जेझुइट फादरांची, मूळ संस्था १८३१ सालची. तिचा बास्केटबॉल संघ ‘बिग ईस्ट’ नावाच्या कॉन्फरन्समध्ये खेळतो. तेव्हापासून मी या कॉन्फरन्सच्या नादाला लागले आहे. मंडळाच्या मागच्या बैठकीत मी म्हणाले, “नोव्हेंबरात आमची कॉन्फरन्स सुरू होतेय,” तर सगळ्यांना वाटलं कुठलं तरी चर्चासत्र आहे, पेपर वाचायला जायचंय. म्हणून हा लेख.

तर आधी शब्दाचा घोळ मिटवू. अमेरिकेतल्या कॉलेज खेळात कॉन्फरन्स म्हणजे सभा नव्हे. आपापसात खेळायचं असं ठरवून एकत्र आलेल्या कॉलेजांचा तो गट. आपल्याकडे विद्यापीठ झोन पाडून देतं, आणि समोर कोण येईल त्याच्याशी आपण खेळतो. तिकडे कोणाबरोबर नांदायचं हे कॉलेजं स्वतः ठरवतात. वेळापत्रक एकत्र बनवतात, टीव्हीचे पैसे वाटून घेतात, आणि पटलं नाही तर गट सोडूनही जातात. म्हणजे शेजार निवडायची मुभा, आणि शेजार मोडायचीही.

बिग ईस्टची गोष्ट या निवडण्या-मोडण्याचीच आहे. १९७९ साली डेव्ह गॅव्हिट या प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या माणसाने पूर्वेकडच्या शहरांतली बास्केटबॉलवेडी कॉलेजं एकत्र आणली. न्यूयॉर्कचं सेंट जॉन्स, वॉशिंग्टनचं जॉर्जटाऊन, न्यू जर्सीचं सीटन हॉल ही त्यात पहिल्यापासून. वर्षभराने फिलाडेल्फियाजवळचं व्हिलानोव्हा आलं. १९८३ पासून कॉन्फरन्सची अंतिम स्पर्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होते. १९८५ साली तर देशातल्या शेवटच्या चार संघांपैकी तीन या एकाच गटाचे होते. अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाने जॉर्जटाऊनला ६६-६४ असं हरवलं.

मग आला फुटबॉल. आपला नव्हे, त्यांचा, हेल्मेटवाला. त्याच्या टीव्ही हक्कांत एवढा पैसा आला की मोठी कॉलेजं त्या पैशामागे गट बदलू लागली. सिरॅक्यूझ गेलं, पिट्सबर्ग गेलं. उरलेल्यांत सात कॅथलिक कॉलेजं होती, ज्यांच्याकडे वरच्या पातळीचा फुटबॉल नव्हताच. डिसेंबर २०१२ मध्ये त्या सातांनी जाहीर केलं की आम्हीच वेगळे होतो. २०१३ मध्ये ती बाहेर पडली, पण ‘बिग ईस्ट’ हे नाव आणि गार्डनमधली स्पर्धा बरोबर घेऊन. बटलर, क्रेटन आणि झेवियर ही तीन त्यांना येऊन मिळाली. २०२० मध्ये जुनं सभासद कनेक्टिकट परत आलं, आणि अकरा झाले.

या अकरांत नऊ कॅथलिक आहेत. जॉर्जटाऊन, मार्क्वेट, क्रेटन, झेवियर जेझुइटांची. व्हिलानोव्हा ऑगस्टिनियनांचं, प्रॉव्हिडन्स डॉमिनिकनांचं, सेंट जॉन्स आणि शिकागोचं डीपॉल व्हिन्सेन्शियनांचं. (ज्यांच्या नावाचं गरिबांना मदत करणारं मंडळ आपल्या कितीतरी पॅरिशमध्ये असतं, तेच हे संत व्हिन्सेंट द पॉल.) सीटन हॉल धर्मप्रांताचं. बटलर आणि कनेक्टिकट तेवढी बिगरकॅथलिक. कॅथलिक आहेत म्हणून सामने सोज्वळ होतात असं मात्र समजू नका. मी आतापर्यंत ऐकलेल्या सगळ्यात कडक शिव्या प्रॉव्हिडन्सच्या प्रेक्षकांच्या आहेत.

आता हंगामाची तयारी. तिचं गणित सोपं आहे. अकरा संघ, प्रत्येकाने उरलेल्या दहांशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकाचे वीस सामने. ओमाहा शहरातलं क्रेटन आणि अटलांटिकच्या किनाऱ्याजवळचं प्रॉव्हिडन्स यांत सुमारे दोन हजार किलोमीटर अंतर आहे, आणि मुलांनी हे सगळं लेक्चर आणि परीक्षा सांभाळून करायचं. हे सामने मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत होतात. त्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, बाहेरच्या संघांशी खेळायचं. हे सामने सरावाचे वाटतात, पण ते आपल्या इंटर्नल मार्कांसारखे असतात. २०२५ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ घेतले. त्यातले ३१ आपापल्या कॉन्फरन्सचे विजेते म्हणून थेट आले, बाकी ३७ समितीने निवडले. निवडताना समिती बघते की कोणाला हरवलं आणि कुठे हरवलं. डिसेंबरात केलेली ढिलाई मार्चमध्ये निस्तरावी लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सरावालाही नियम आहे. पहिल्या सामन्याच्या ४२ दिवस आधीपासून पूर्ण सराव सुरू करता येतो, आणि त्या काळात जास्तीत जास्त तीस दिवस सराव घ्यायचा. २०२५ मध्ये पहिले सामने ३ नोव्हेंबरला होते, म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळे कोर्टवर उतरले. ऑक्टोबरात पत्रकारांसमोर सगळे प्रशिक्षक येतात, आणि हंगामाचा अंदाज म्हणून मतदान करतात. गंमत म्हणजे स्वतःच्या संघाला मत देता येत नाही. २०२५ मध्ये सेंट जॉन्सला पहिला क्रमांक मिळाला, कनेक्टिकटला दुसरा. मुलींच्या बाजूला असा प्रश्नच पडत नाही. कनेक्टिकटच्या मुली २०२५ च्या एप्रिलमध्ये बाराव्यांदा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. तिथे दुसऱ्या क्रमांकासाठीच चुरस असते.

इथवर सगळं नियमांचं झालं. पण खरी तयारी सप्टेंबरात नाही, एप्रिलमध्ये होते, आणि तिचं नाव ‘ट्रान्सफर पोर्टल’. खेळाडूने कॉलेज बदलायचं ठरवलं की त्याचं नाव या यादीत जातं, आणि देशभरचे प्रशिक्षक त्याला बोलावू शकतात. पूर्वी कॉलेज बदललं की बहुतेकांना एक वर्ष बाकावर बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा बदलायची सूट मिळाली, २०२४ पासून कितीदाही बदला. त्याच २०२१ मध्ये खेळाडूंना जाहिरातीतून पैसे घ्यायची परवानगी मिळाली, आणि २०२५ च्या १ जुलैपासून तर कॉलेजच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. सगळे खेळ मिळून एका कॉलेजला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर एवढी मर्यादा होती.

माझ्या झेवियरचं काय झालं ते सांगते. २०२५ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या पायरीवर झेवियरने टेक्सासला हरवलं. टेक्सासने आपल्या प्रशिक्षकाला काढलं आणि नवीन म्हणून कोणाला नेलं? ज्याने हरवलं त्यालाच, झेवियरच्या शॉन मिलरला. सामना झाला बुधवारी, आणि पुढच्या आठवड्यात माणूस टेक्सासमध्ये. मग खेळाडूही पांगले. कोणाचं शिक्षण संपलं, कोणी दुसरीकडे गेलं. २०२५ च्या हंगामाला जवळजवळ सगळा संघ नवा होता. ‘झेवियर’ हे नाव मूळ बास्क भाषेतलं, आणि त्याचा अर्थ ‘नवं घर’ असा आहे. हे कळलं तेव्हा मी एकटीच हसले.

नवा प्रशिक्षक रिचर्ड पिटिनो. आणि सेंट जॉन्सचा प्रशिक्षक आहे त्याचा बाप, रिक पिटिनो. म्हणजे दर हंगामात निदान दोनदा बापलेक समोरासमोर. बाप सत्तरी ओलांडलेला, त्याने २०२५ मध्ये सेंट जॉन्सला पंचवीस वर्षांनी कॉन्फरन्सची अंतिम स्पर्धा जिंकून दिली. पोरगा नव्या घरात अजून भांडी लावतोय.

इथे मला आमच्या संघाबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर हा लेख अर्धा राहील. मी पहिली दोन वर्षं कॉलेजच्या मुलींच्या संघात होते, बहुतेक वेळ राखीव. आमची पॉइंट गार्ड आमच्यातली सगळ्यात चांगली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती दुसऱ्या कॉलेजात गेली. त्यांनी फी माफ केली, हॉस्टेल दिलं, बूट दिले. आमच्याकडे बूट सोडाच, बॉलमध्ये हवा भरायला पंप सायकलच्या दुकानातून आणावा लागे. मी तिच्याशी तीन महिने बोलले नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात ती समोर आली, तेव्हा आम्ही सगळ्या ओळीत उभ्या राहून हात मिळवत होतो. मी हात मागे घेतला. तिने पाहिलं. ती तशीच पुढच्या मुलीकडे गेली.

यंदा ब्राइस हॉपकिन्सची बातमी वाचली तेव्हा मला तो हात आठवला. हॉपकिन्स तीन वर्षं प्रॉव्हिडन्सला होता. पहिल्याच वर्षी कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला, मग गुडघा गेला, मग बराच काळ बाकावर. २०२५ मध्ये तो सेंट जॉन्सला गेला. देशाच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, त्याच गल्लीत, समोरच्या घरात. प्रॉव्हिडन्सकरांचा संताप मला पूर्ण कळतो. त्यांना याची सवयही आहे. त्यांच्याच गावचा प्रशिक्षक एड कूली २०२३ मध्ये जॉर्जटाऊनला निघून गेला, आणि पुढच्या वर्षी पाहुणा म्हणून परतला तेव्हा लोकांनी त्याला जी काही आरती ओवाळली, ती मी इथे लिहू शकत नाही.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एक वर्ष बाकावर बसण्याचा तो जुना नियम फक्त मुलांना होता. प्रशिक्षक सोडून गेला तर त्याला कोणी वर्षभर बसवत नसे. मिलर, कूली, किंवा सीटन हॉल सोडून मेरीलंडला गेलेला आणि २०२५ मध्ये व्हिलानोव्हाच्या बाकावर परतलेला केव्हिन विलार्ड, यांना आपण म्हणतो ‘संधी मिळाली’. एकोणीस वर्षांचा मुलगा गेला की म्हणतो ‘निष्ठा नाही’. मी माझ्या मैत्रिणीला हेच म्हटलं होतं. तिचे पप्पा टेम्पो चालवतात, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तरीही माझं मन पूर्ण एका बाजूला झुकत नाही. मिलवॉकीच्या मार्क्वेटचा प्रशिक्षक शाका स्मार्ट २०२५ पर्यंत काही वर्षं पोर्टलमधून खेळाडू घेतच नव्हता. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलालाच घडवायचं, हा त्याचा हट्ट. २०२५ मध्येही त्याने बाहेरून कोणी घेतलं नाही. त्याचा सर्वोत्तम खेळाडू शिकून बाहेर पडला, आणि मग मागच्या बाकावरच्या मुलांनी पुढे यायचं होतं. मी राखीव खेळाडू होते, त्यामुळे मला हा संघ बघायला आवडतो, हे उघड आहे. तो जिंकेल की नाही ते वेगळं.

पैशांच्या बाजूने मात्र बिग ईस्टची एक गंमत झाली आहे. २०१३ मध्ये फुटबॉल नाही म्हणून सगळे या कॉलेजांची कीव करत होते. आता खेळाडूंना पैसे द्यायची वेळ आली, तर फुटबॉलवाल्यांचा मोठा वाटा फुटबॉलमध्येच जातो, आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांना असलेला पैसा बास्केटबॉलवर लावता येतो. अडचण एवढीच की असलेला पैसाच कमी. २०२५ मध्ये फॉक्स, एनबीसी आणि टीएनटी यांच्याबरोबरचा सहा वर्षांचा नवा टीव्ही करार सुरू झाला, पण फुटबॉलच्या मोठ्या कॉन्फरन्सांपुढे तो किरकोळच. मग धनवान माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरायचा. ज्यांचा तसा माजी विद्यार्थी आहे त्यांचा संघ वर, आणि ज्यांचा नाही ते दर एप्रिलमध्ये घर आवरायला घेणार. अकराही जण वीस सामने खेळतील, पण एकाच पायरीवरून नव्हे.

गेल्या आठवड्यात मी मैत्रिणीला हॉपकिन्सची बातमी पाठवली, खाली एवढंच लिहिलं, “तुझ्यासारखाच.” दोन दिवस उत्तर नाही. मग तिसऱ्या दिवशी रात्री आलं : “तो प्रॉव्हिडन्सला खेळायला जाईल तेव्हा मला उठव. हात मिळवतात का बघायचंय.” तिकडच्या संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. गजर मी लावणार आहे.