मेथी-शेपू खाल्ला, मग सुई कशाला?

चिपळूणहून एका आजींचं पत्र आलंय: "सुनेला दोन्ही वेळा मेथी-शेपू खायला घालते. 'के' जीवनसत्त्व पालेभाजीत असतं, असं तुम्हीच लिहिलंत. मग नातवाला जन्मताच सुई कशाला टोचली?"

फार चांगला प्रश्न. हे जीवनसत्त्व सापडलंच मुळी पाल्यामुळे. कोपनहेगनच्या हेन्रिक डॅम यांनी १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांना स्निग्धांश काढलेलं खाद्य दिलं, तेव्हा पिल्लांच्या कातडीखाली रक्त साकळू लागलं. लिंबाच्या रसाने काही झालं नाही, हिरव्या पानांनी गुण आला. पुढे १९३९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी ते शुद्ध रूपात वेगळं काढलं, तेही आपण दुभत्या गाई-म्हशींना घालतो त्या लसूणघासातून! दोघांना १९४३ चं नोबेल मिळालं.

तेव्हा आजी, मेथी खरीच गुणाची. पण तो गुण आईपाशीच राहतो. वार हे जीवनसत्त्व पलीकडे जवळजवळ जाऊच देत नाही. नाळेच्या रक्तात ते आईच्या रक्तापेक्षा वीस-तीस पटींनी कमी असतं. अंगावरच्या दुधातही ते नावापुरतंच उतरतं. लीटरभर दुधात दोन मायक्रोग्रॅम धरा. बाळ दिवसाला पाऊण लीटर प्यायलं, तर मिळाले दीड मायक्रोग्रॅम. टोचतात ते एक मिलिग्रॅम, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. तेवढं दुधातून मिळवायला साडेसहाशेहून जास्त दिवस लागतील! म्हणून दूध कमी दर्जाचं ठरत नाही. बाळाला अंगावरच पाजा. एवढी एक उणीव सुईने भरून काढा.

ती सुईही पाहून ठेवा. तपकिरी काचेची बोटाच्या पेराएवढी कुपी, कारण उजेडाने औषध बिघडतं. आत पिवळसर द्रव. जन्मल्यावर काही तासांतच तो मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचतात. एक किलोहून कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम. स्नायूत मुरलेलं औषध हळूहळू रक्तात उतरत राहतं आणि पहिले काही महिने निभावतात.

तेच महिने धोक्याचे. सुई न मिळालेलं, फक्त अंगावर पिणारं, बाळसं धरलेलं मूल दीड-दोन महिन्यांचं असताना अचानक त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. उशिरा होणाऱ्या रक्तस्रावांपैकी निम्म्याच्या आसपास डोक्यातच होतात. त्याआधी कधीकधी बारीकशी खूण दिसते: नाकातून थोडं रक्त, बेंबी ओलसर लाल, न लागताच उठलेला काळानिळा डाग. कधी तीही दिसत नाही.

घरात तान्हं बाळ असेल तर आजच दवाखान्याचा कागद काढा आणि 'व्हिटॅमिन के' दिल्याची नोंद शोधा. सापडली नाही, किंवा बाळंतपण घरी झालं असेल, तर डॉक्टरांना विचारा. वरची एखादी खूण दिसली, टाळू फुगली किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका.