मोटारींतील गारवा कां नाहींसा होतो?

वैशाखाचें ऊन माथ्यावर आलेलें असतें, नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील डांबर पाघळूं लागलेलें असतें, आणि अशा वेळीं मोटारींतील झरोक्यांमधून इतका वेळ येणारा गार वारा हळूहळू कोमट होत जातो. मागच्या बैठकीवर वृद्ध माता असते, तान्हें मूल असतें. गाडीचा धनी कळ फिरवून पाहतो, पंखा वाढवून पाहतो. वारा जोरानें येतो खरा, पण तो उष्णच. दुसऱ्या दिवशीं गाडी गॅरेजमध्यें जाते. तेथील कारागीर पुढचें झांकण उघडून क्षणभर पाहतो आणि निकाल देतो, ‘कॉम्प्रेसर गेला, नवा घालावा लागेल.’ धनी मुकाट्यानें कित्येक हजार रुपये मोजतो. चार दिवस गारवा मिळतो. आणि पुढें दोन महिन्यांच्या आंत तोच प्रकार पुन्हां घडतो.

हौसेखातर मोटार बाळगणाऱ्यास हा भुर्दंड एक वेळ सोसतो. परंतु भाड्याची मोटार चालवून संसार हांकणाऱ्यास असा दोनदां बसलेला खर्च म्हणजे महिन्याची कमाईच होय. म्हणून कॉम्प्रेसर खरोखरच बिघडला आहे कीं नाहीं, आणि बिघडला असल्यास तो कशानें बिघडला, हे दोन प्रश्न प्रत्येक धन्यानें विचारण्यासारखे आहेत. त्यांतही दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. कारण कॉम्प्रेसर आपणहून मरतो असें क्वचित् घडतें. बहुधा त्यास दुसरेंच कोणी तरी मारीत असतें.

हें ध्यानीं येण्यासाठीं गारवा कसा उत्पन्न होतो तें प्रथम पाहिलें पाहिजे. उन्हाळ्यांत घरोघरीं माठ असतो. माठाच्या अंगावर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ जातांना माठांतील उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. मोटारींतील यंत्र याच तत्त्वावर चालतें. भेद इतकाच कीं पाण्याऐवजीं तेथें एक विशेष द्रव्य असतें, व त्याची वाफ वायां न दवडतां पुनःपुन्हां कामास लावलेली असते. या द्रव्यास बाजारांत नुसतें ‘गॅस’ म्हणतात. गेल्या कांहीं दशकांतील बहुसंख्य मोटारींत आर-१३४ए नांवाचें द्रव्य असतें. तें साध्या वातावरणदाबाखालीं शून्याच्या खालीं सुमारें २६ अंश सेल्सिअसवर उकळतें. नव्या मोटारींपैकीं कित्येकांत आर-१२३४वायएफ हें द्रव्य घालतात.

हें द्रव्य चालकापुढील फळीच्या मागें असलेल्या कूलिंग कॉइलमध्यें उकळतें आणि गाडींतील हवेची उष्णता शोषून घेतें. तेथून त्याची वाफ कॉम्प्रेसरकडे येते. कॉम्प्रेसर ती दाबून तप्त करतो व गाडीच्या तोंडाशीं, रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरच्या जाळींत लोटतो. तेथें बाहेरचा वारा लागून तिची उष्णता निघून जाते व वाफेचें पुन्हां द्रव होतें. तो द्रव ओलावा शोषणाऱ्या ड्रायर नांवाच्या नळकांड्यांतून व नंतर एका झडपेच्या बारीक छिद्रांतून जातो. तेथें दाब एकाएकीं उतरतो, आणि कॉइलमध्यें पुनश्च उकळणें सुरू होतें. सारांश, कॉम्प्रेसर स्वतः गारवा निर्माण करीत नाहीं. तो गाडींतली उष्णता बाहेर नेऊन टाकणाऱ्या हमालास चालता ठेवतो इतकेंच.

या रचनेंत एक मर्म आहे. एंजिनास तेलाचें वेगळें पात्र असतें व तेल किती आहे हें कांडी घालून पाहतां येतें. मोटारींतील कॉम्प्रेसरची गोष्ट तशी नाहीं. त्याचें वंगणतेल गॅसबरोबरच सर्व नळ्यांतून फिरतें व गॅसबरोबरच परत येतें. म्हणून गॅस गळून कमी झाला म्हणजे केवळ गारवा कमी होतो असें नव्हे, तर कॉम्प्रेसरकडे परत येणारें तेलही आटतें. कोरड्या धातूवर धातू घांसूं लागतो, त्याचा बारीक चुरा होतो आणि अखेर यंत्र जाम होतें. एका नळीच्या सांध्यावरील अल्पमोल रबरी कडें फाटल्यानें महागडा कॉम्प्रेसर नष्ट होतो, तो असा.

आतां परीक्षेकडे वळूं जातां, पहिला प्रश्न हा कीं कॉम्प्रेसर फिरतो आहे काय? अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९३९ सालीं शीतयंत्र बसविलेल्या मोटारी विकावयास काढल्या, तेव्हां त्यांत कॉम्प्रेसर एंजिनापासून अलग करण्याची सोयच नव्हती. गारवा नको असल्यास एंजिन थांबवून, झांकण उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. पुढें हें काम विद्युच्चुंबकाच्या क्लचकडे आलें. गारव्याची कळ दाबतांच ‘कट्’ असा आवाज होतो, चुंबक पुढची चकती ओढून घेतो, आणि ती चकती पट्ट्याच्या पुलीबरोबर फिरूं लागते. पुली फिरते पण चकती स्थिर राहते असें दिसलें, तर लगेच कॉम्प्रेसरला दोष देऊं नये. आधीं फ्यूज, रिले, तारांचे सांधे व क्लचची गुंडाळी पाहावी. चकती व पुली यांमधील फट साधारणतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. झिजून ती वाढली म्हणजे गाडी थंड असतांना क्लच पकडतो आणि तापल्यावर सोडून देतो. चकतीमागील पातळ चकत्या कमी करून ही फट पुष्कळदां जुळवितां येते. मात्र अनेक नव्या गाड्यांतील कॉम्प्रेसरला असा क्लच नसतोच. त्याची पुली सदैव फिरते व आंतील दट्ट्यांची धांव एक झडप कमीअधिक करते. तेथें ही परीक्षा लागू पडत नाहीं. परीक्षा कोणतीही असो, चालत्या पट्ट्याजवळ पदर, उपरणें अथवा सैल बाही जाऊं देऊं नये.

क्लच न पकडण्याचें आणखी एक कारण आहे, आणि तें रक्षकाचें आहे. नळींत दाबाचा एक पहारेकरी बसविलेला असतो. गॅस फार उतरला कीं तो विजेचा प्रवाह तोडतो व कॉम्प्रेसर कोरडा फिरूं देत नाहीं. कांहीं उतावळे कारागीर या पहारेकऱ्यास तार जोडून बगल देतात. कॉम्प्रेसर फिरूं लागतो, धनी संतुष्ट होतो, आणि त्याच क्षणापासून यंत्राच्या मरणाची घटका भरूं लागते.

दुसरी परीक्षा आवाजाची. गारवा बंद असतांनाही घरघर ऐकूं येत असेल व तो दाबल्यावर आवाज बदलत असेल, तर दोष बहुधा पुलीच्या बेअरिंगचा. तें पुष्कळ गाड्यांत एकटें बदलतां येतें. गारवा चालूं केल्यावरच आंतून खडखड येत असेल, तर मात्र कॉम्प्रेसरच्या पोटांत झीज झाली असल्याचा संशय धरावा. पट्टा किंचाळत असेल व जळक्या रबराचा वास येत असेल, तर यंत्र जाम होऊं लागलें आहे असें समजून गारवा ताबडतोब बंद करावा. कारण तोच पट्टा कित्येक गाड्यांत पाण्याचा पंप व विद्युज्जनित्रही फिरवितो, आणि तो तुटला तर गाडीच वाटेंत उभी राहते.

तिसरी खूण डोळ्यांनीं पाहावयाची. गळणाऱ्या गॅसबरोबर तेलही बाहेर येतें. म्हणून नळीच्या सांध्यावर, कंडेन्सरच्या जाळीवर किंवा कॉम्प्रेसरच्या तोंडाशीं तेलकट धूळ बसलेली दिसली, तर गळती तेथेंच असण्याचा संभव फार. परंतु मुंबईच्या किंवा कोंकणच्या दमट हवेंत उभ्या गाडीखालीं स्वच्छ पाणी ठिबकतांना पाहून पुष्कळ लोक घाबरतात, तें व्यर्थ होय. थंड कॉइलवर हवेंतील ओलाव्याचें पाणी होतें व तें नळीनें बाहेर जातें. तें यंत्र चांगलें चालल्याचेंच लक्षण आहे.

चौथें लक्षण फसवें आहे. गाडी धांवत असतां गार वारा येतो, आणि चौकांत थांबतांच तो कोमट होतो. याचें कारण झिजलेला कॉम्प्रेसर असूं शकतें. कारण एंजिन मंद चालत असतां तो पुरेसा दाब देऊं शकत नाहीं. परंतु कंडेन्सरचा पंखा बंद पडला असेल किंवा जाळी चिखलानें व किड्यांनीं बुजली असेल, तरीही हुबेहुब असेंच होतें. रोग दोन, लक्षण एक! येथें डोळे व कान पुरत नाहींत. दाबाचीं मापें जोडलींच पाहिजेत. आर-१३४एच्या चालत्या यंत्रांत लघुदाबाचा कांटा साधारणतः ३० ते ४५ पौंडांवर आणि गुरुदाबाचा साधारणतः २०० ते २५० पौंडांवर असतो. भर उन्हाळ्यांत तो याहूनही चढतो. पंखा बंद असेल तर गुरुदाब भलताच वर जातो. कॉम्प्रेसर झिजला असेल तर लघुदाब उतरत नाहीं, गुरुदाब चढत नाहीं, आणि दोन्ही कांटे एकमेकांकडे सरकतात. दोन्ही कांटे खालींच असतील तर गॅस कमी. पांच मिनिटांच्या या पाहणीवांचून दिलेला निकाल म्हणजे नाडी न पाहतां दिलेलें औषध होय.

यंत्र बंद असतांनाचा दाब मात्र एका बाबतींत फसवितो. हवा ३० अंशांवर असतां आंतील दाब सुमारें ९५ ते १०० पौंड भरतो. पण स्वयंपाकाच्या सिलिंडरप्रमाणेंच, आंत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत तो तितकाच राहतो. म्हणून गॅस पुरेसा आहे कीं नाहीं हें ठरविण्याचा खरा मार्ग म्हणजे तो काढून तराजूवर तोलणें. किती ग्रॅम घालावा हें बहुतेक गाड्यांत पुढच्या झांकणाखालील चिठ्ठीवर छापलेलें असतें. कमी घातल्यानें गारवा येत नाहीं, तसाच अधिक घातल्यानेंही तो बिघडतो व कॉम्प्रेसरवर भार पडतो.

कॉम्प्रेसर खरोखरच जाम झाला असें ठरल्यावरही काम संपत नाहीं. खरें काम तेथून सुरू होतें. जुना काढतांना त्यांतील तेल कांचेच्या भांड्यांत ओतून पाहावें. तें स्वच्छ असेल तर ठीक. काळें असेल व त्यांत धातूचा चकाकता चुरा दिसेल, तर तो चुरा सर्व नळ्यांत पोंचला आहे असें समजावें. अशा वेळीं नळ्या धुतल्या पाहिजेत, ड्रायर व झडप नवी घातली पाहिजे. आजकालच्या कंडेन्सरमधील वाटा केंसाइतक्या सूक्ष्म असतात व त्यांतील चुरा धुऊनही निघत नाहीं. म्हणून तोही बदलावा लागतो. हें न करतां नुसता नवा कॉम्प्रेसर बसविणें म्हणजे आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं. दोन महिन्यांत नवें यंत्र जुन्याच्या वाटेनें जातें तें याच कारणानें.

पुढची पायरी पोकळीची. यंत्र उघडलें कीं आंत हवा व तिच्यांतील ओलावा शिरतो. पंप लावून आंतील दाब पुरेसा उतरविला म्हणजे ३० अंशांवरही पाणी उकळून वाफेच्या रूपानें बाहेर पडतें. यास अर्धा तास तरी द्यावा, नंतर पंप बंद करून कांटा कांहीं वेळ न्याहाळावा. तो हालला तर गळती शिल्लक आहे. त्यानंतरच निर्मात्यानें सांगितलेल्या जातीचें तेल मोजून व गॅस तोलून घालावा.

गॅस कोठला घेतला जातो हाही क्षुल्लक प्रश्न नव्हे. २०११ सालीं जहाजांवरील शीतपेट्यांत आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्यें मेथिल क्लोराइडची भेसळ निघाली. हें द्रव्य ॲल्युमिनियमशीं संयोग पावून हवा लागतांच पेट घेणारे पदार्थ बनवितें; त्यांतून झालेल्या स्फोटांत कामगार प्राणांस मुकले. मोटारींतील कॉम्प्रेसरही ॲल्युमिनियमचाच असतो. म्हणून मोहोर नसलेला स्वस्त डबा पाहून मोहांत पडूं नये. द्रवरूप गॅस त्वचेवर अथवा डोळ्यांत उडाला तर अवयव गोठून इजा होते, म्हणून हातमोजे व चष्मा अवश्य हवा. जुना गॅस हवेंत सोडून देणेंही अयोग्य होय. पूर्वीं वापरांत असलेलें आर-१२ आकाशांतील ओझोनचा थर खात असे, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानें त्यास निरोप देण्यास आरंभ झाला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावीत नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षां पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ति तेराशेंपटीहून अधिक आहे. तो यंत्रानें काढून, पुन्हां वापरण्यासाठीं साठवावयाचा असतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारींची गोष्ट निराळी. त्यांतील कॉम्प्रेसर शेंकडों व्होल्टांच्या विजेवर चालतो. नारिंगी रंगाच्या जाड तारा हीच तेथील धोक्याची खूण. त्यास वीज न वाहूं देणारें विशेष तेल लागतें. अशा यंत्रास शिक्षण घेतलेल्या कारागिरावांचून कोणीं हात लावूं नये.

धन्याच्या हातीं राहतें तें थोडें, पण मोलाचें. थंडीच्या दिवसांतही आठवड्यांतून एकदां दहा मिनिटें यंत्र चालवावें, म्हणजे तेल फिरून तोंडाशींचें रबर ओलें राहतें. कंडेन्सरची जाळी मंद धारेच्या पाण्यानें धुवावी. गाडींतील हवेची गाळणी वेळोवेळीं बदलावी. आणि गारवा वर्षागणिक कमी होत असल्यास दर उन्हाळ्यांत ‘थोडा गॅस मारून’ वेळ निभावण्याऐवजीं गळती शोधून काढावी. कारण या यंत्रांतील गॅस पेट्रोलासारखा जळून संपत नाहीं. तो कमी झाला याचा अर्थ तो कोठून तरी निसटला.

नागपूरच्या रस्त्यावर ज्याचा गारवा हरपला, त्या धन्यानें दुसऱ्या दिवशीं गॅरेजमध्यें ‘नवा कॉम्प्रेसर केवढ्याला?’ असें विचारण्यापूर्वीं ‘जुना कशानें गेला?’ एवढें विचारलें असतें, तर त्याचा दुसऱ्या वेळचा खर्च टळला असता. चांगला कारागीर या प्रश्नानें रागावत नाहीं. तो दाबाचीं मापें जोडतो, तेल दाखवितो आणि उत्तर देतो.