उत्तर न सापडलेल्या प्रश्नासोबत एक महिना

एप्रिल सरत आला की खानदेशातील व्यापारी घरांत लग्नसराई आणि मुलांची सुटी एकदमच सुरू होते. जळगावच्या सराफ बाजारात अक्षय्य तृतीयेची लगबग असते, डाळमिलांच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात, धुळ्याच्या पेठेत दुपारी रस्ता ओस पडतो आणि संध्याकाळी पुन्हा गजबजतो. दहावी-अकरावीतील मुलगा या दिवसांत गल्ल्यावर वडिलांच्या शेजारी बसतो, नाही तर पुढील वर्षाच्या क्लासला जातो. याच दिवसांत देशाच्या निरनिराळ्या भागांतून निवडलेली त्याच वयाची काही मुलेमुली एका वेगळ्याच शिबिरास जातात. तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत एकच काम असते, गणिताचा विचार करणे.

हे शिबिर आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या तयारीसाठी भरते. ही स्पर्धा १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाली. भारताचा संघ तीत १९८९ पासून उतरतो आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईतच भरली होती. २०२४ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे भारतीय संघाने चार सुवर्णपदकांसह चौथे स्थान मिळविले. संघात सहाच विद्यार्थी असतात. त्यांची निवड वर्षभर पायरीपायरीने होते. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रथम तीन तासांची, तीस प्रश्नांची पात्रता परीक्षा, नंतर प्रादेशिक ऑलिंपियाड, जानेवारीच्या सुमारास राष्ट्रीय ऑलिंपियाड आणि तीत यशस्वी झालेल्यांसाठी उन्हाळ्यातील हे प्रशिक्षण शिबिर. या सर्व कार्यक्रमाची मुख्य जबाबदारी मुंबईतील मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेले हे केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. गणिताचे शिबिर अनेक वर्षे तेथेच भरत आले असून काही वर्षी ते अन्यत्रही झाले आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र या विषयांचीही अशीच शिबिरे उन्हाळ्यात होतात.

गावात पहिला येणारा मुलगा या शिबिरात पाऊल ठेवतो, तेव्हा त्याला पहिला धक्का बसतो तो सोबत्यांचा. तेथे प्रत्येकजण आपापल्या गावात पहिला आलेला असतो. कोणी चेन्नईचा, कोणी कोलकात्याचा, कोणी राजस्थानातील लहानशा गावचा. भाषा निराळ्या, जेवणाच्या सवयी निराळ्या. पण रात्री वसतिगृहाच्या खोलीत एखादा प्रश्न निघाला की दहा मिनिटांत सर्वांची डोकी एकाच कागदावर वाकतात.

दिवसाची घडी साधी असते. न्याहारीनंतर व्याख्यान, अंकशास्त्र, बीजगणित, भूमिती आणि गणनशास्त्र हे चार मुख्य विषय. मग प्रश्नांचा संच हाती येतो आणि प्रत्येकजण आपापल्या कागदाशी एकटा उरतो. दुपारनंतर त्या प्रश्नांची चर्चा होते. ज्याला उत्तर सापडले असेल तो फळ्यावर जाऊन ते सांगतो आणि बाकीचे त्यातील कच्चे दुवे शोधतात. शिकविणाऱ्यांत प्राध्यापक असतात, तसेच पूर्वीच्या वर्षांत पदक मिळवून आलेले, जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठे विद्यार्थीही असतात. या दादा-ताईंचा मुलांना मोठा आधार वाटतो. कारण आपण आज जेथे अडलो आहोत तेथे हेही कधी अडले होते, हे त्यांना दिसत असते. संध्याकाळी थोडा खेळ, थोडा फेरफटका आणि रात्री पुन्हा तोच अडलेला प्रश्न.

हे गणित आपल्या पेढीवरील गणिताहून कोठे वेगळे पडते, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. पूर्ण रुपयांतील रकमांच्या कोणत्याही पाच पावत्या घ्याव्यात. त्यांतून तीन पावत्या अशा निवडता येतातच की ज्यांची बेरीज तीनने निःशेष भागली जाईल. समजा, रकमा ४०, ५२, ७१, ८८ आणि ९५ आहेत. तर ४०, ५२ आणि ८८ यांची बेरीज १८० होते. पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ असलेल्या आजोबांना असे तीन आकडे शोधायला क्षणही लागणार नाही. चार वेळा पडताळा घेतला, मेळ बसला की वही मिटते.

शिबिरातील काम मात्र तेथून सुरू होते. हे प्रत्येक वेळी घडणारच, असे कशावरून? कोणत्याही संख्येला तीनने भागले तर बाकी शून्य, एक किंवा दोन एवढीच राहू शकते. म्हणून तीन कप्पे कल्पावेत आणि प्रत्येक पावती तिच्या बाकीप्रमाणे कप्प्यात टाकावी. तिन्ही कप्प्यांत पावत्या पडल्या, तर प्रत्येकातून एक घ्यावी. बाक्यांची बेरीज शून्य, एक आणि दोन मिळून तीन होते आणि काम झाले. एखादा कप्पा रिकामा राहिला, तर पाच पावत्या उरलेल्या कप्प्यांत गेल्या, म्हणजे एका कप्प्यात किमान तीन पावत्या आल्याच. त्या तिन्हींची बाकी सारखी असल्याने त्यांची बेरीजही तीनने भागली जाते. तिसरी शक्यताच नाही. आता रकमा लाखांच्या असोत की कोटींच्या, पडताळा घेण्याची गरज उरली नाही. यालाच सिद्धता म्हणतात. शिबिरातील प्रश्न याहून कितीतरी अवघड असतात. परंतु मागणी हीच असते.

आणि येथेच मुलाची खरी परीक्षा होते. शाळेत प्रश्न वाचताच रीत आठवते, रीत लावली की उत्तर येते. येथे प्रश्न समजतो, पण रीत कोठेच नसते. सकाळ जाते, दुपार जाते, कागदांचा ढीग पडतो आणि हाती काही लागत नाही. आयुष्यात प्रथमच ‘मला येत नाही’ हे वाक्य त्याला स्वतःशी म्हणावे लागते. घरी फोन केला की आई विचारते, “आज किती प्रश्न सुटले?” आणि ‘एकही नाही’ हे उत्तर देताना मुलाचा आवाज उतरतो. या क्षणी आई-वडील काय बोलतात, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘मग एवढ्या लांब गेलास कशाला?’ हा प्रश्न मुलाला दोन पावले मागे नेतो. ‘प्रश्न काय होता, मला सांग बरे,’ एवढेच म्हटले तरी त्याला पुन्हा कागद हाती घ्यावासा वाटतो.

निवडीच्या चाचण्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या धर्तीवर होतात. स्पर्धेत दोन दिवस, दररोज साडेचार तास आणि तीनच प्रश्न असतात. प्रत्येकास सात गुण, म्हणजे एकूण बेचाळीस. गणकयंत्रास परवानगी नसते. साडेचार तासांत एक प्रश्न पूर्ण सुटला तरी मोठे समाधान लाभते. शेवटी सहा जणांची निवड होते आणि उरलेले सर्व घरी परततात. त्या परतणाऱ्यांच्या दृष्टीनेच शिबिराचे मोल पाहिले पाहिजे, कारण बहुसंख्य तेच असतात. त्यांनी काय मिळविले? जे उमगत नाही त्याच्यासमोर न घाबरता बसून राहण्याची सवय. ज्या घरात पुढे व्यापाराचे, भागीदारीचे, तेजी-मंदीचे निर्णय घ्यायचे आहेत, त्या घरास ही सवय परकी वाटू नये.

व्यवहाराचा प्रश्नही पालकांच्या मनात येतोच आणि तो रास्त आहे. शिबिराच्या काळात निवास-भोजनाची सोय आयोजकांकडून होते. चेन्नई गणित संस्था आणि भारतीय सांख्यिकी संस्था यांसारख्या नामांकित संस्था प्रवेशाच्या वेळी राष्ट्रीय ऑलिंपियाडमधील यशाची दखल घेतात. अलीकडे काही आयआयटींनीही असा मार्ग खुला केला आहे. मात्र अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी आणि ही तयारी एक नव्हे. तेथे वेगाला महत्त्व, येथे खोलीला. दोन्ही एकदम साधतील असे गृहीत न धरता मुलाचा कल पाहून ठरवावे. मुलींनीही मागे राहू नये. मुलींसाठी युरोपीय गणित ऑलिंपियाड ही स्वतंत्र स्पर्धा आहे, तीत भारताचा चार मुलींचा संघ जातो आणि त्याच्या निवडीसाठीही प्रशिक्षण शिबिर होते. कंदमुळे वर्ज्य असलेल्या, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मुलाने आपला नियम आयोजकांना आधीच कळवावा. सोबत खाखऱ्याचा डबा असावा.

आता थोडे घराजवळ येऊ. धुळ्याहून मुंबईस निघालेली गाडी चाळीसगावला मुख्य लोहमार्गास मिळते. तेथून अठरा-वीस किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटणे हे गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनास जळगाव-धुळ्याची असंख्य कुटुंबे जातात; जवळच्या कन्हेरगडाच्या डोंगरात नागार्जुन कोठडी हे जैन लेणेही आहे. या देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८ चा, म्हणजे सुमारे इ. स. १२०७ चा हा लेख सांगतो की, ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला. चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता आणि मठास दान देणारा सोईदेव हा निकुंभ घराण्यातील मांडलिक होता.

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि व्यापारी वाचकाने तो मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. पाटणच्या बाजारात जो माल येई त्यावर ग्राहकांकडून राजाला मिळणारा कर या मठास लावून दिला होता. जेवढे घाणे चालत त्या प्रत्येकाकडून पळीभर तेल मठास जाई. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील विद्यार्थी गणित शिकत होते आणि त्यांच्या दिव्यात बाजारपेठेचे तेल जळत होते.

जैन परंपरेस तर गणिताचे वावडे कधीच नव्हते. इ. स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात व्याज, सोन्याचा कस, मालाची अदलाबदल असे पेढीवरचे विषय आहेत, आणि दिलेल्या वस्तूंतून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियमही आहे. आजच्या शिबिरात गणनशास्त्राचा पहिला धडा याच नियमापासून सुरू होतो. व्यवहाराचे गणित आणि विचाराचे गणित त्या ग्रंथात एकाच पोथीत नांदतात.

पुढील उन्हाळ्यात एखाद्या घरातील मुलगा किंवा मुलगी अशा शिबिरास जावयाची असेल, तर तयारी या पावसाळ्यातच सुरू व्हावयास हवी, कारण पहिली परीक्षा साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते. शाळेत चौकशी करावी, होमी भाभा केंद्राची त्या वर्षीची सूचना पाहावी, जुन्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात. त्याआधी एक लहानसा प्रयोग घरीच करून पाहता येईल. रात्री दुकान बंद करून आल्यावर वडिलांनी मुलापुढे पाच पावत्या ठेवाव्यात आणि उत्तर न सांगता झोपी जावे. सकाळी तो प्रश्न मुलाच्या मनात अजून जागा असेल, तर त्या मुलाला शिबिराची वाट दाखवावी.