दुवा एक, दारे अनेक

वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी आम्ही ग्रंथालयाचे छोटे ॲप करवून घेतले. त्यातील पुस्तकाचा दुवा, म्हणजे लिंक, कार्यालयातील विंडोज संगणकावर उघडे. वसतिगृहातील लिनक्स संगणकांवर मात्र काहीच घडत नसे. दोष मुलांचा नव्हता, आमच्या अपुऱ्या माहितीचा होता.

दुव्याच्या आरंभी, अपूर्णविरामापूर्वी जो शब्द येतो, त्यास स्कीम म्हणतात. ‘मेलटू’ असेल तर ईमेलचे ॲप उघडते, ‘टेल’ असेल तर दूरध्वनीचे. आपल्या ॲपसाठी नवी स्कीम ठरविता येते. तिचे नाव मात्र रोमन लिपीतच असावे लागते. पुढे प्रत्येक प्रणालीच्या दप्तरी तिची स्वतंत्र नोंद हवी. विंडोजमध्ये ती रजिस्ट्रीत होते, मॅकमध्ये ॲपच्या इन्फो-पीलिस्ट फाइलीत, लिनक्समध्ये डेस्कटॉप फाइलीत, तर अँड्रॉइडमध्ये मॅनिफेस्टमधील इंटेंट फिल्टरद्वारे. एकीकडची नोंद दुसरीकडे ग्राह्य नसते. आमची चूक नेमकी हीच होती.

दोन पथ्येही पाळावीत. असा दुवा कोणीही लिहू शकतो. म्हणून त्यातून आलेला मजकूर ॲपने तपासूनच स्वीकारावा. आणि ज्याच्याकडे ॲप नाही, त्याच्यासाठी शेजारी संकेतस्थळाचा साधा पत्ता द्यावा.

लिनक्सवर नोंद होताच वसतिगृहातही पुस्तक उघडले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून बाबासाहेबांनी आपल्यासाठी उच्च शिक्षणाची दारे उघडली. एका राहिलेल्या नोंदीपायी आपल्या लेकरांसमोर ग्रंथालयाचे दार बंद राहू नये, एवढी दक्षता आपण घेतलीच पाहिजे.