इनामगावची माती आणि कथा लिहिण्याची कला

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. या लोकांना लिपी नव्हती. तरीही ते काय पेरत, कुठे झोपत, मेलेलं मूल कुठे ठेवत, हे आज आपल्याला ठाऊक आहे! एकही शब्द न लिहिता आयुष्यं इतकी बोलकी कशी राहिली? कथा लिहू पाहणाऱ्याने या प्रश्नापाशी थोडं थांबावं.

इनामगावात लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यांत मूल ठेवत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. वरती चूल पेटत राही, माणसं जेवत-झोपत. ‘आईला अपार दुःख झालं’ हे वाक्य या दोन मडक्यांपुढे किती फिकं पडतं! म्हणून पहिला खर्डा झाला की दुःख, आनंद, राग असे शब्द शोधून खोडा. त्या क्षणी माणसाच्या हातात काय होतं आणि त्याचं त्याने काय केलं, ते तिथे लिहा.

प्रौढांना पुरण्याची रीत वेगळी होती. त्यांचे पाय घोट्याजवळ तोडलेले आढळतात. मृताने गाव सोडून जाऊ नये म्हणून असं करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पण पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला. त्यात एक पुरुष बसवलेला होता आणि त्याचे पाय शाबूत होते! शेजारीच धान्याचं कोठार होतं. हा गावाचा प्रमुख असावा, असं संशोधक मानतात. कथानक जन्मतं ते अशाच जागी. आधी रीत वाचकाच्या अंगवळणी पाडा, मग ती एका माणसासाठी मोडा. ‘याच्यासाठीच का?’ हा प्रश्न वाचकाला शेवटच्या पानापर्यंत नेतो.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटलं, असं मानतात. त्याची खूण घरांत दिसते: ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरची भिस्त वाढली. तुमच्या कथेतही दुष्काळ, कर्ज किंवा बदली आली, तर ती पात्राच्या ताटात आणि निजण्याच्या जागेत दिसू द्या.

आणि काही गोष्टी न सांगता सोडा. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी सापडली. आत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, वर डोकं असलेली दुसरी मूर्ती आणि एक बैल. ही पूजा कुणाची, कशासाठी, याचे तर्कच करता येतात. म्हणून तर मन तिथून हलत नाही. भालचंद्र नेमाड्यांनी ‘हिंदू’ या २०१० च्या कादंबरीत नायक खंडेरावाला पुरातत्त्वाचा अभ्यासक केलं, ते किती योग्य वाटतं!

वस्तूंवरून माणूस वाचण्याच्या सरावाला दौंड जंक्शन उत्तम. सोलापूरची आणि मनमाडची वाट इथे फुटते, त्यामुळे फलाटावर तऱ्हेतऱ्हेचं सामान दिसतं. तासभर बसा. चेहरे राहू द्या, सामान पाहा: दोरीने बांधलेली ट्रंक, नवी कोरी कळशी, एकाच पायातली चप्पल. तीन वस्तू निवडा आणि त्यांच्या मालकावर एक पान लिहा. मग ते कुणाला तरी वाचायला द्या. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. ‘याच्या आधी काय घडलं असेल?’ असं विचारा. तुम्ही न लिहिलेलं काही त्याने ठामपणे सांगितलं, तर तुमची कथा वाचकाच्या मनात उभी राहू लागली आहे. तेच पान पुढे न्या.